रविवारची उपासना आणि शनिवारचा शो: चर्चने मनोरंजनवाल्यांकडून काय घ्यावं आणि कुठे थांबावं



या आठवड्याचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. चर्चची उपासना आणि टीव्हीवरचे मोठमोठे शो, यांचा आपल्या छोट्या धंद्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. व्हिडिओत वेळेअभावी बरंच सुटलं, म्हणून सगळं इथे सविस्तर मांडतो.

आधी श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून चर्चकडे एक चालती संस्था म्हणून बघा. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कार्यक्रम. वर्षाला ५२ वेळा. तिकीट नाही, म्हणजे उत्पन्नाची खात्री नाही. काम करणारे बहुतेक सगळे बिनपगारी. कीबोर्ड वाजवणारा मुलगा कॉलेजात शिकतो, माइक सांभाळणारे दादा बँकेत नोकरी करतात, दारात स्वागत करणाऱ्या काकूंना घरी जाऊन स्वयंपाक करायचाय. त्यात समोर बसलेला माणूस कधीही उठून दुसरीकडे जाऊ शकतो, आणि जाताना कारणही सांगत नाही. आता सांगा, तुमचा शनिवार-रविवारचा क्लास, तुमच्या बचत गटाचं प्रदर्शन, तुमचं नवं डेमो सेंटर यापेक्षा किती वेगळं आहे? कमी माणसं, कमी पैसा, आणि दर वेळी नीट झालंच पाहिजे. म्हणूनच हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९९१ मध्ये एका चर्चवर केस स्टडी लिहिली. तिचं नाव विलो क्रीक कम्युनिटी चर्च, अमेरिकेत शिकागोजवळ.

इथे दोन तारखा लक्षात ठेवा. ११ ऑक्टोबर १९७५, शनिवार: न्यूयॉर्कमधून ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम पहिल्यांदा प्रसारित झाला. १२ ऑक्टोबर १९७५, रविवार: विलो क्रीकची पहिली उपासना झाली, तीही पॅलटाइन गावातल्या विलो क्रीक नावाच्या भाड्याच्या सिनेमा थिएटरमध्ये. चर्चचं नाव त्या थिएटरवरून पडलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तारखा शेजारी आल्या हा निव्वळ योगायोग. पण दोघांपुढचा प्रश्न एकच होता: दर आठवड्याला, थेट, नव्याने, आणि वेळेवर.

विलो क्रीकची सुरुवात आपल्या मंडळींना आवडेल अशी आहे. बिल हायबेल्स तेव्हा २३ वर्षांचे होते. भांडवल नव्हतं. थिएटरचं भाडं आणि बाकी खर्च भागवायला शंभरेक तरुण मुलामुलींनी दारोदार फिरून टोमॅटोच्या १२०० टोपल्या विकल्या. पहिल्या रविवारी १२५ माणसं आली. आणि हा हवेतला प्रयोग नव्हता. आधी दुसऱ्या एका चर्चमध्ये याच लोकांनी तरुणांचा गट चालवला होता, त्यात बँड, नाटुकली, साध्या भाषेतलं बोलणं हे सगळं करून बघितलं होतं. म्हणजे पायलट आधी, दुकान नंतर.

त्याहून महत्त्वाचं काम त्यांनी केलं ते दारं ठोठावायचं. घरोघरी जाऊन विचारलं, तुम्ही चर्चला जाता का? नसाल जात तर का नाही जात? उत्तरं सरळ आली. सारखे पैसे मागतात. कंटाळा येतो. आमच्या रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध लागत नाही. ऐकून अपराधी वाटतं. मग त्यांनी रविवारची उपासना नव्या माणसासाठी बेतली, आणि आधीपासून श्रद्धा असलेल्यांसाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी वेगळी सभा ठेवली. दोन प्रकारचे गिऱ्हाईक, दोन वेगळी काउंटरं. दोन वर्षांत संख्या दोन हजारांवर गेली.

आता शनिवारच्या शोकडे वळू. चर्चवाले बहुतेक वेळा मोठ्या मैफिलीकडे बघून दिपतात: लाइट, धूर, एलईडी पडदे. पण मैफल महिनोन्‌महिने तयार होते आणि मग तीच शहरोशहरी फिरते. चर्चचं तसं नाही, त्याला दर रविवारी नवा कार्यक्रम लागतो. म्हणून शिकायचंच असेल तर साप्ताहिक थेट कार्यक्रमाकडून शिकावं, असं माझं मत आहे.

‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चा आठवडा पन्नासेक वर्षं एकाच ठेक्यावर चाललाय. सोमवारी कल्पना मांडायच्या. मंगळवारी रात्र जागून लिहायचं. बुधवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचायचं आणि काय ठेवायचं ते ठरवायचं. गुरुवार-शुक्रवार सेट आणि तालमी. शनिवारी रात्री ८ वाजता खऱ्या प्रेक्षकांसमोर संपूर्ण रंगीत तालीम. ही तालीम मुद्दाम शोपेक्षा लांब असते, म्हणजे प्रसारणाला लागतो त्यापेक्षा जास्त माल तयार असतो. प्रेक्षक कुठे हसले, कुठे गप्प बसले हे बघून मधल्या थोड्या वेळात काही स्किट थेट कापली जातात. ज्यांनी चार रात्री त्यावर घालवल्या, त्यांचंही कापलं जातं. मग ११:३० ला शो. कार्यक्रमाचे निर्माते लॉर्न मायकल्स यांचं म्हणणंच असं की शो तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो.

यातली कापण्याची सवय मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण उपासनेचं नियोजन नेमकं तिथे अडतं. कुठल्याही चर्चमध्ये जा, दर रविवारी काहीतरी वाढतं. महिला मंडळाला दोन मिनिटं हवीत, तरुण संघाला शिबिराची घोषणा करायचीय, पाहुणे आलेत त्यांचा सत्कार, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस. प्रत्येकाला दोनच मिनिटं हवी असतात. नाही म्हणायला कुणी नसतं, कारण नाही म्हटलं की माणूस दुखावतो आणि इथे कुणाला पगार नाही, तो उद्या येणंच बंद करेल. मग पाळकांचा संदेश सुरू होईपर्यंत लोक थकलेले असतात, आणि ज्यासाठी सगळे आले त्या भागालाच सर्वात कमी ताकद उरते.

शोवाल्यांनी हे दोन गोष्टींनी सोडवलंय. एक, कापायचा अधिकार एकाच माणसाकडे आणि तो कोण हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक. दुसरं, कापायची वेळ ठरलेली. त्यामुळे कापलं गेलं तर तो अपमान ठरत नाही, तो त्या घराचा रिवाज आहे. चर्चने एवढंच उचललं तरी पुष्कळ: गुरुवारी संध्याकाळी यादी बंद. त्यानंतर आलेली घोषणा पुढच्या रविवारी, किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आणि हे सांगणारी व्यक्ती पाळक नको, कारण पाळकांना सगळ्यांच्या घरी जावं लागतं. नियोजनाचं काम पाहणाऱ्या ताईंनी किंवा भाऊंनी सांगावं. तुमच्या धंद्यातही हीच युक्ती चालते. गिऱ्हाइकाशी गोड संबंध ज्याने ठेवायचेत, त्याच्याकडे नकार द्यायचं काम देऊ नका.

आता दुसरं उदाहरण, आणि हे आकाराने सगळ्यात मोठं आहे. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल. त्याच्या मध्यंतरात गाण्याचा शो असतो. १९९२ मध्ये मध्यंतराला हिवाळ्याच्या थीमचा, स्केटिंगवाल्यांचा कार्यक्रम ठेवला होता. त्याच वेळी फॉक्स चॅनेलने आपल्या विनोदी मालिकेचा खास भाग लावला आणि कोट्यवधी प्रेक्षक उठून तिकडे गेले. आयोजकांना जाग आली आणि १९९३ मध्ये त्यांनी मायकेल जॅक्सनला आणलं. तेव्हापासून मध्यंतर हाच एक मोठा कार्यक्रम झाला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते, आणि तिच्यातून लोक धडा घेतात तो असा: मोठा कलाकार आणा. छोट्या माणसाला या धड्याचा काही उपयोग नाही, कारण तो आणणार कुठून?

उपयोगाची गोष्ट मैदानावर घडते. शो साधारण १२-१३ मिनिटांचा. पण त्याआधी रिकाम्या मैदानावर संपूर्ण स्टेज उभं करायला सात-आठ मिनिटंच मिळतात, आणि शो संपला की ते तितक्याच घाईत काढायचं, कारण सामना पुढे सुरू होणार. स्टेजचे तुकडे चाकांच्या गाड्यांवर बसवलेले असतात. शेकडो माणसं, त्यातली बरीच स्थानिक, बोगद्यातून त्या गाड्या ढकलत आणतात, ठरलेल्या जागी लावतात, जोडतात, बाजूला होतात. कोण कुठल्या गाडीला हात लावणार, कुठल्या क्रमाने बाहेर पडणार, हे सगळं आधी अनेकदा करून बघितलेलं असतं. २०२३ मध्ये रिहानाच्या शोला तर मैदानातल्या खऱ्या गवताला जड गाड्यांचा त्रास नको म्हणून छतापासून लटकते मंच वापरले. म्हणजे अडचणीतून आराखडा निघाला, आणि टीव्हीवर बघणाऱ्याला ती शोची शोभा वाटली.

म्हणजे तालीम गाण्याची होतेच, पण खरी कसून तालीम होते ती एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याच्या जागेची. नाटकवाल्यांकडे यासाठी एक खास पद्धत आहे: क्यू टू क्यू तालीम. म्हणजे प्रवेश पूर्ण करायचाच नाही. नटाने शेवटची दोन वाक्यं म्हणायची, लाइट बदलतो, सामान हलतं, पुढच्या प्रवेशाची पहिली ओळ म्हणायची, थांबायचं, आणि सरळ पुढच्या जोडावर उडी. अडीच तासांच्या नाटकाचे सगळे सांधे अशा तालमीत एकेक करून तपासले जातात.

हे चर्चला कसं लागू पडतं ते बघू. समजा, आपल्या इथली दीडशे माणसांची मराठी मंडळी आहे. रविवारी सकाळी साडेनऊला उपासना. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, पुन्हा गीत, संदेश, दान, प्रभुभोजन, आशीर्वाद. घोषणा वगैरे धरून साधारण बारा सांधे निघतात. आता प्रत्यक्षात काय होतं? गीत संपतं. गाणारी मंडळी एकमेकांकडे बघतात, बसायचं का उभं राहायचं? वाचन करणारे काका मागच्या बाकावरून उठतात, चष्मा शोधतात, पुढे येईपर्यंत शांतता. माइक उंच माणसासाठी लावलेला, तो खाली करायचा. पडद्यावर अजून आधीच्या गीताचं कडवं. एका सांध्याला चाळीस सेकंद धरा. बारा सांध्यांचे ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं. दीडशे माणसांची आठ-आठ मिनिटं म्हणजे २० तास. आणि मिनिटं गेली याहून वाईट हे की प्रत्येक वेळी माणसाचं मन प्रार्थनेतून बाहेर पडतं, मोबाइलकडे जातं, आणि त्याला परत आणायला पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून जोर लावावा लागतो.

यावर उपाय म्हणून नवीन साउंड सिस्टिम घेतली जाते. लाखभर रुपये गेले, सांधे तसेच. त्यापेक्षा रविवारी नऊ वाजता सगळ्यांनी जमून वीस मिनिटं फक्त सांध्यांची तालीम करा. गीताच्या शेवटच्या दोन ओळी म्हणा. त्या ओळी सुरू होताच वाचन करणारे काका उठून पुढे निघाले पाहिजेत, गीत संपल्यावर नाही. पाळकांनी आपल्या संदेशाचं शेवटचं वाक्य कीबोर्डवाल्या मुलाला आधीच लिहून द्यावं, ते कानावर पडलं की त्याची बोटं पट्ट्यांवर. पडदा सांभाळणाऱ्या मुलीकडे हाच कागद. ज्या काकांची उंची कमी आहे त्यांच्यासाठी माइक कुणी खाली करायचा, त्याचं नाव लिहा. नुसतं ‘कुणीतरी करेल’ लिहिलेलं काम कुणीच करत नाही, हे तुम्हाला तुमच्या दुकानातूनही माहीत असेल.

शोमध्ये एक माणूस हेडफोन लावून प्रत्येक बदल पुकारत असतो. आधी म्हणतो ‘स्टँडबाय’, म्हणजे तयार राहा. मग योग्य क्षणी ‘गो’. तालमीत आणि शोमध्ये ‘गो’ हा शब्द एरवी बोलायचाच नाही अशी शिस्त असते, नाहीतर कुणीतरी चुकून लाइट बदलेल. छोट्या चर्चला हेडफोन लागत नाहीत. पहिल्या बाकावर एक व्यक्ती, हातात कागद, आणि नजरेने किंवा हाताने खूण. तुमच्या दुकानाच्या उद्घाटनालाही हेच करा. पाहुणे बोलायला उठले की चहा बाहेर काढायचा की नाही, हे मालकाने स्टेजवरून डोळे वटारून सांगण्याची पाळी येऊ नये.

पण एक सावधगिरी. सगळी शांतता म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. पापांगीकाराच्या प्रार्थनेनंतरची शांतता, प्रभुभोजन घेताना असलेली शांतता हा उपासनेचाच भाग आहे. टीव्हीवाला शांततेला घाबरतो, कारण त्याचा प्रेक्षक रिमोट उचलेल. चर्चने घाबरायचं कारण नाही. फरक एवढाच करायचा की ती ठरवलेली असावी. कागदावर लिहा: शांतता, ६० सेकंद, कीबोर्ड बंद. मग ती चष्मा शोधण्याच्या शांततेसारखी वाटत नाही. बसलेल्या माणसाला दोन्हींतला फरक लगेच कळतो, कसा कळतो ते सांगता येत नाही.

इथपर्यंत घेण्याच्या गोष्टी झाल्या. आता कुठे थांबायचं.

सुपर बोलच्या शोमध्ये २०१४ साली रेड हॉट चिली पेपर्स हा बँड आला होता. नंतर लोकांच्या लक्षात आलं की त्यांच्या गिटारला वायरच लावलेली नव्हती. बँडचा बेस वाजवणारा फ्ली याने उघड सांगितलं की वाद्यं आधीच रेकॉर्ड केलेली होती आणि फक्त गाणं थेट होतं, कारण एवढ्या कमी मिनिटांत मैदानावर सगळी वाद्यं जोडून आवाज नीट लावणं फार जोखमीचं असतं. शोवाल्यांच्या जागी हे अगदी बरोबर आहे. कोट्यवधी लोक बघताहेत, चूक परवडत नाही, म्हणून जे जे बिघडू शकतं ते थेट करायचंच नाही.

चर्च हे घेऊ लागलं की अडचण होते. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणं, आवाज इतका मोठा की शेजारच्या बाकावरचं गाणं ऐकू येत नाही, लाइट पुढे झगझगीत आणि लोकांवर अंधार. ऐकायला उत्तम. पण मग मंडळी गात नाही, बघते. डेन्मार्कचा विचारवंत सोरेन किर्केगार्द याने १८४७ मध्ये ही गोष्ट नाटकाच्याच भाषेत सांगून ठेवली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लोकांना वाटतं, उपदेशक हा नट आणि आपण प्रेक्षक. प्रत्यक्षात नट आहे तो बाकावर बसलेला माणूस, प्रेक्षक आहे देव, आणि उपदेशकाचं काम विंगेत बसून वाक्य सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरचं. मराठी नाटक पाहिलेल्याला प्रॉम्प्टर वेगळा समजावून सांगायला नको. त्याचा आवाज प्रेक्षकात ऐकू आला की काहीतरी चुकलं.

आपल्याकडे हे फार नवीन नाही. कीर्तनात बुवांनी गजर सुरू केला की सगळी सभा गाते, आणि न गाणारी सभा असेल तर बुवांचं काही खरं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती गीतं अभंग-भजनाच्या वळणावर लिहिली, ती ज्यांनी गायली त्यांना गाण्यासाठी पडद्याची गरज लागत नव्हती. म्हणून उपासनेच्या नियोजनात एक साधी कसोटी ठेवा: हा बदल केल्याने बसलेल्या लोकांचा आवाज वाढला की कमी झाला? लाइट, ट्रॅक, पडदा, सगळ्याला हीच कसोटी. तुम्ही क्लास घेत असाल तर हाच प्रश्न असा होतो: स्लाइड सुंदर झाल्यावर विद्यार्थी जास्त हात वर करायला लागले की कमी?

दुसरी थांबायची जागा पैशाची आहे, आणि आपल्यासाठी ती सगळ्यात जवळची.

रॉबर्ट शुलर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्ह भागात आले. त्यांच्या पंथाने हातात ५०० डॉलर दिले होते. चर्चसाठी जागा मिळेना, म्हणून त्यांनी एक ड्राइव्ह-इन थिएटर भाड्याने घेतलं, म्हणजे जिथे लोक गाडीतच बसून सिनेमा बघतात ते. रविवारी सकाळी थिएटर रिकामंच असायचं. शुलर तिथल्या खाऊच्या स्टॉलच्या छपरावर उभे राहून बोलायचे. त्यांची पत्नी अर्वेला ऑर्गन वाजवायची आणि तो ऑर्गन गाडीमागे ट्रेलरवर ओढून आणावा लागायचा. मनोरंजनाच्या जागेचा याहून स्वस्त आणि चतुर वापर मला तरी माहीत नाही. दुसऱ्याची जागा, दुसऱ्याचे लाउडस्पीकर, आणि ज्या वेळेला तिथे कुणी फिरकत नाही ती वेळ. तुमच्या गावातलं मंगल कार्यालय सोमवार ते गुरुवार काय करतं, याचा विचार करा.

१९७० मध्ये त्यांचा ‘अवर ऑफ पॉवर’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि तो जगभर पोहोचला. १९८० मध्ये क्रिस्टल कॅथीड्रल उभं राहिलं. वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन, १०,००० हून जास्त काचा. पुढे नाताळ आणि ईस्टरला तिथे भव्य देखावे व्हायला लागले: खरे उंट, खऱ्या मेंढ्या, तारांवरून डोक्यावर उडणारे देवदूत. लोक लांबून तिकीट काढून बघायला यायचे. मग आर्थिक मंदी आली, देणग्या घटल्या, गादी कुणाकडे जाणार यावरून घरात वाद झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये चर्चने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकूण देणं ४ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. त्यातलं बरंचसं इमारतीवरचं कर्ज. पण उरलेल्या यादीत कोण होते? त्या देखाव्यांना जनावरं, सामान, सेवा पुरवणारे छोटे व्यावसायिक. त्यांच्यातल्या काहींनी थांबून थांबून शेवटी कोर्टाची वाट धरली होती. इमारत पुढे कॅथलिक चर्चच्या ऑरेंज धर्मप्रांताने ५ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली, आणि २०१९ मध्ये ती ख्रिस्ताचं कॅथीड्रल म्हणून नव्याने समर्पित झाली.

हे वाचताना मी नेहमी उंटवाल्याच्या जागी उभा राहून बघतो. चर्च मोठं, टीव्हीवर दिसणारं, देवाचं काम. ‘यांचे पैसे कुठे जातात?’ असं त्याला वाटलं असणार. आपल्याकडे मांडववाले, साउंडवाले, केटरिंगवाले हेच म्हणतात, मग गिऱ्हाईक चर्च असो, उत्सव मंडळ असो की कंपनी. मोठं नाव म्हणजे वेळेवर पैसे, असा काही नियम नाही. धर्मकार्याला सवलत द्यायची असेल तर दरात द्या, मुदतीत देऊ नका. निम्मा अॅडव्हान्स कामाआधी, उरलेले सामान परत न्यायच्या आधी, आणि जुनं बिल बाकी असताना पुढच्या वर्षीचं काम घ्यायचं नाही. हे बोलायला जड जातं हे खरं. पण तुमच्याकडेही पगाराची माणसं आहेत.

आणि ज्यांना कार्यक्रम करायचाय त्यांनी हे बघावं: देखाव्याची गंमत अशी की पुढच्या वर्षी तोच देखावा लहान वाटतो. यंदा एक उंट, पुढच्या वर्षी तीन. उपासनेचं नियोजन सुधारायचा खर्च मात्र दरवर्षी कमी होत जातो, कारण सांधे एकदा बसले की बसले.

विलो क्रीककडे परत येऊ, कारण त्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग कमी लोक सांगतात. ते चर्च हजारोंचं झालं, त्यांनी स्वतःची इमारत बांधली, जगभरातले पाळक त्यांच्याकडे शिकायला जायला लागले. मग त्यांनी स्वतःच्याच लोकांचा सर्व्हे केला आणि २००७ मध्ये तो ‘रिव्हील’ या नावाने जाहीर केला. निष्कर्ष त्यांना अवघड गेला. चर्चच्या कार्यक्रमांत माणूस जास्त वेळ येतो म्हणून त्याची श्रद्धा वाढते, असं दिसलं नाही. उलट जे सगळ्यात मुरलेले, मनापासूनचे सभासद होते, त्यांच्यातले बरेच असमाधानी निघाले. हायबेल्स यांनी हे लपवलं नाही, जाहीरपणे मांडलं. (पुढे २०१८ मध्ये गैरवर्तनाच्या आरोपांनंतर ते वेळेआधी पायउतार झाले. आरोप त्यांनी नाकारले, पण त्या चर्चला तो मोठा धक्का होता, आणि तो विषय वेगळा.)

शोवाला डोकी मोजतो आणि त्याला ते पुरतं, कारण शो संपला की त्याचं आणि प्रेक्षकाचं नातं संपतं. चर्चला डोकी मोजून पुरत नाही. तुम्हालाही नाही. डेमोला किती जण आले हे मोजणं सोपं आहे म्हणून आपण तेच मोजतो. तीन महिन्यांनी त्यातले किती जण वस्तू वापरताहेत, हे विचारायला फोन करावे लागतात. विलो क्रीकने सुरुवातीला दारं ठोठावली ती बाहेरच्यांची. घरातल्यांची दारं ठोठावायला त्यांना तीस वर्षं लागली.

शेवटी कामाची गोष्ट. हे सगळं ठेवायचं कुठे? अमेरिकेत २००६ साली प्लॅनिंग सेंटर नावाचं सॉफ्टवेअर सुरू झालं ते नेमकं याच गरजेतून. उपासनेचा क्रम, प्रत्येक भागाची मिनिटं, गीताची पट्टी, या रविवारी कोण येणार आणि कोण येऊ शकत नाही, सगळं एका जागी. आज हजारो चर्चेस ते वापरतात. सॉफ्टवेअरचा धंदा करायचा असणाऱ्यांनी नोंद घ्या: दर आठवड्याला येणारी, बिनपगारी माणसांची डोकेदुखी कुणीतरी सोडवली आणि त्याचं दुकान उभं राहिलं. आपल्याकडे भजनी मंडळं, ढोल पथकं, हौशी नाट्यसंस्था यांच्याकडे हीच डोकेदुखी आजही वहीत आणि व्हॉट्सअॅपवर आहे.

सॉफ्टवेअर नको असेल तर एक्सेलची एक शीट पुरते. सहा रकाने करा. किती वाजता. किती मिनिटं. काय. कोण. कशाने सुरू होणार, म्हणजे कुठला शब्द ऐकून किंवा कुठली खूण बघून. आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवा, तो कार्यक्रम झाल्यावर भरायचा: प्रत्यक्षात किती मिनिटं लागली. पहिले तीन आठवडे फक्त भरा, कुणालाही काही बोलू नका. चौथ्या आठवड्यात ती शीट सगळ्यांसमोर ठेवा आणि त्यांनाच विचारा, यातलं काय कापूया. रिकामी शीट व्हिडिओच्या खाली दिली आहे, उतरवून घ्या. पाचव्या रकान्यात बहुतेक जण अडकतात, म्हणून त्यावर पुढच्या आठवड्यात एक छोटा व्हिडिओ करतोय. त्यात एका दुकानाच्या उद्घाटनाची शीट पहिल्या ओळीपासून भरून दाखवेन.